अर्धेलीची कोल्हीण

"हॅलो?… हां, सायबर कॅफे… नाही हो, लाइट गेलीय, चारनंतर या… कोण?… जरा जोरात बोला, कोण बोलतंय?…"

"अच्छा. तू."

बदलापूर पूर्वेला मुकेशशेठच्या सायबर कॅफेत प्रगती काउंटरवर एकटीच बसली होती. लाइट दुपारी एक वाजता गेलेली. सगळे कॉम्प्युटर काळे ठिक्कर. इन्व्हर्टरवर एक पंखा कुरकुरायचा, त्यानेही मघाशी मान टाकली होती. तासाचे पैसे भरून गेम खेळायला येणारी पोरं बाहेर पायरीवर बसून लाइटीच्या नावाने शिव्या घालत होती. जिवंत होता तो एकटा फोन, आणि त्या फोनवर होती मैत्रेयी. कॉलेजात प्रगतीच्या डब्यातली सुकट बोटं चाटून खाणारी मैत्रेयी. अंबरनाथ पश्चिमेला राहणारी, म्हणजे एका स्टेशनावर, आणि ठाण्याला नोकरी लागल्यापासून वर्षभर जिने इकडे तोंड दाखवलं नव्हतं ती मैत्रेयी. परवा रविवारी तिचं लग्न होतं, आणि मग ती नागपूरला सासरी जाणार होती. पत्रिका द्यायला तिचे वडील भगवानकाका आले होते. ती नव्हती आली. आता प्रगतीने गोड बोलावं तरी कुठल्या तोंडाने? पलीकडचं काही ऐकू यायचं नाही, प्रगतीचं तेवढं ऐका.

"बोला मॅडम, आज कशी काय आठवण?… घरून बोलतेस? हां, रजा असणारच. उद्या हळद, परवा लग्न, आता नाही घ्यायची तर कधी… हो, मिळाली ना पत्रिका. काका आले होते. एवढ्या उन्हात आले बिचारे, पाणी पाजलं मी त्यांना… नाही गं, राग कसला? रागवायला माणूस समोर लागतं… हो, हो… हो, माहितीये, वेळ नसतो. बदलापूर काय, लंडनला आहे ना."

"ए, ते रडगाणं राहू दे. काम काय ते बोल. वर्षभराने उगाच कोणी फोन करत नाही."

"…काय?"

"थांब, परत सांग. हळू सांग… कुठे आहेस?… अगं घरी आहेस ते कळलं, गेममध्ये कुठे आहेस ते विचारतेय!…"

"आणि कुणाच्या आयडीने आत गेलीस?"

"माझ्या?"

प्रगती खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली. रिसीव्हर तिने दोन्ही हातांनी धरला.

"मैत्रेयी, मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. तुळशी कुठे आहे?… तुझ्यामागे आहे? गोठ्यातून काढलीस तिला?… माझ्या गोठ्यातून? कुणाला विचारून?"

आता हे थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, खेळातल्या जनावरासाठी एवढा काय जीव जातो हिचा. तो ऑनलाइन गेम होता. गावोगावची माणसं एकाच वेळी खेळायची. आपला एक शिपाई असतो त्यात, ढाल-तलवारवाला, आणि त्याच्यामागे चालणारं एक पाळीव जनावर. पोरं त्याला पेट म्हणतात. प्रगतीच्या शिपायामागे असायची तुळशी. पांढरी कोल्हीण, शेपटीचं टोक काळं. एवढंसं पिल्लू असताना ती सापडली होती मैत्रेयीला. पण या गेममधल्या जनावराला रोज खायला घालावं लागतं, नाहीतर ते रुसतं आणि एक दिवस निघून जातं. नोकरी शोधायच्या धावपळीत मैत्रेयीच्याने ते होईना. तेव्हा प्रगतीने आपल्या पाड्यावरचा रिवाज काढला. बारवी धरणाच्या अंगाला तिचा पाडा, तिथे शेळी अर्धेलीने देतात. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्याने, पिल्लं निम्मी निम्मी. तशी तुळशी अर्धेलीने आली. दोघी अशा शहाण्या, की त्या गेममध्ये कोल्हीण वितच नाही हे कळेपर्यंत कितीतरी महिने पिल्लांची नावं ठरवत बसल्या होत्या. वाटायला काहीच निघालं नाही. उरली नुसती तुळशी, आणि तिला हाताएवढीची कंबरेएवढी केली ती प्रगतीने. पासवर्ड मात्र कॉलेजपासून दोघींचा एकच होता. तो बदलावा असं कधी मनात आलं नाही, आणि तिथेच सगळी माती झाली.

"मूळ तुझी? हो ना, मूळ तुझी! आणि मासे कोणी घातले तिला? शेठचा डोळा चुकवून, जेवणाच्या सुट्टीत, रोजच्या रोज?… अगं ऐक ना… नाही, तू ऐक! आमच्या देऊआजीकडे तीन घरच्या शेळ्या आहेत अर्धेलीच्या. मालक आला तरी तिला विचारल्याशिवाय दाव्याला हात लावत नाही… शेळी नाहीये ती? बरं, नाहीये शेळी. चोरी तर चोरीच आहे ना?"

"आणि नेलीस कुठे तिला?"

"कुठे?…"

"…फोरमन?"

घ्या. व्हायचं ते झालं. फोरमन म्हणजे त्या गेममधला शेवटचा बॉस, सगळ्यात मोठा राक्षस. त्याचं खरं नाव हातभर लांब, इंग्रजी. ते घ्यायला या भागात कुणाची जीभ वळली नाही. भट्टीतून यायचा, भोंगा झाला की यायचा, आल्या आल्या सगळ्यांवर खेकसायचा, म्हणून तो फोरमन. बाकी कुठल्या लढाईत जनावर पडलं तर थोड्या वेळाने परत उठतं. फोरमनच्या हातोड्याखाली पडलेलं उठत नाही. गेलं ते गेलं. आणि एकदा भोंगा होऊन त्याचं दार लागलं की एक तर तो मरतो, नाहीतर आपण. मधे उघडायचं नाव नाही. प्रगतीचा शिपाई कधीचा तयार होता, पण ती त्या दाराच्या आत पाऊल टाकत नव्हती. पोरं चिडवायची, ताई फाटली तुमची. ती म्हणायची, हो, फाटली. तुळशीला घेऊन नाही जाणार.

"बाहेर ये. आत्ताच्या आत्ता बाहेर ये तिला घेऊन… भोंगा झाला? दार लागलं?… अगं बये! काय करून बसलीस!… आणि आता फोन करतेस? दार लागल्यावर? आधी का नाही केलास?… मी नाही म्हणाले असते म्हणून? अरे वा! म्हणजे एवढी अक्कल होती!"

"नाही, लाइट नाही इकडे, सांगितलं ना मघाशी. कशावर बघू, कपाळावर? माझं जनावर चोरून वाघाच्या गुहेत नेतेस आणि मलाच विचारतेस, प्रगती, आता काय करू?… रडू नकोस. तू रडायचं नाहीस. रडायचा नंबर माझा आहे… फोन खांद्यात धर. दोन्ही हात मोकळे ठेव. धरलास?"

"तुळशी कुठे आहे ते सांग… पुढे? पुढे का?… अटॅकवर टाकलीस? डोकं फिरलंय का तुझं! अटॅकवर टाकलं की ती समोर दिसेल त्याच्या मागे धावते, तुझ्यासारखीच आहे ती. काढ. फॉलोवर टाक… फॉलो… खाली डावीकडे, पंजाचं चित्र आहे ना, त्याच्यावर. मिळालं?… आली मागे?… बरं."

प्रगतीने डोळे मिटून घेतले होते. पाहायला काही नव्हतंच, पण डोळे मिटले की तिला ती भट्टी दिसत होती. चार खांब, मधे लाल खड्डा. आत ती कधी गेली नव्हती, पण दुसऱ्यांच्या खांद्यावरून वाकून वाकून तो फोरमन तिने पाठ केला होता. कुठला पाय उचलतो, कधी वळतो, कधी थकतो. जायचं नव्हतं तरी पाठ केला होता. समजा कधी गेलोच तर, म्हणून.

"आता नीट ऐक. त्याचा हातोडा बघू नकोस. हातोडा सगळेच बघतात, म्हणून सगळे मरतात. त्याचा डावा पाय बघ. डावा पाय उचलला की सरळ रेषेत आग येणार. तू त्याच्या नाकासमोर उभं राहायचं नाही, तिरकी राहा… तिरकी गं, खांबाच्या कोपऱ्याला… उचलला? मग पळ ना! सांगतेस काय मला, पळ!…"

"लागलं? कुणाला? तुला की तिला?… तुला. मग हरकत नाही."

"नाही, औषध तू घेऊ नकोस. बाटली पहिली तिला… मी सांगते म्हणून. माझ्या शिपायाच्या अंगावर एवढं लोखंड आहे, तो दोन तडाखे खाईल. तिच्या अंगावर काय आहे, केस?… आणि तिला आज खायला काय घातलंस आत नेण्याआधी?… मटण? मटण घातलंस तिला? मासा घालायचा असतो लढाईआधी! मटणाने तिचं डोकं गरम होतं, मग बोलावलं तर येत नाही. कुणी शिकवलं तुला?… हो, तूच तर शिकवलं होतंस मला पहिल्यांदा, मासा घाल म्हणून. विसरलीस. सगळंच विसरलीस तू."

पलीकडे मैत्रेयी काहीतरी बरंच बोलली असावी. प्रगतीचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. बाहेरून एका पोराने दार ढकलून डोकं आत घातलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने डोकं बाहेर काढून घेतलं.

"मी? मी बदलले?… मी जळते? तुझ्या लग्नावर? हॅ! जळायला काय आहे त्यात! नवरा काय तुझा फोरमन आहे?… हसू नकोस. हसायला नाही सांगितलं. स्क्रीनकडे बघ… आणि फोन तू पण करू शकत होतीस ना. मी केला होता, तीनदा. तीनदा तुझी आई म्हणाली, दमून झोपलीय. चौथ्यांदा कशाला करू? भीक मागते का मी?…"

"काय झालं? काय करतोय?… टाळी वाजवली? मग आता त्याचे हेल्पर येणार. लहान लहान, काळे, चार कोपऱ्यांतून… आले? हां, आता तुळशीला अटॅकवर टाक. आता टाक! ती लहानांना एकेकाला धरून फाडते. फक्त फोरमन मधे आला की लगेच परत फॉलो… हो… हो… कितवा फाडला?… बघ. बघ कशी करते. एकटीने करते ती… माझी बाय ती."

हे शेवटचं बोलताना तिचा आवाज असा काही मऊ झाला, की तिचं तिलाच कसंतरी झालं. तिने लगेच पुन्हा तोफ डागली.

"झालं, आता घे मागे. किती वेळ लागतो तुला एक बटण दाबायला? ऑफिसात काय करतेस, नेलपॉलिश लावतेस?… त्याने पाठ फिरवली? भट्टीकडे गेला? तो आता पाणी पिणार. हीच वेळ, मासा आहे का बॅगेत?… आहे ना, मी ठेवलेला आहे, वरच्या खणात. घाल तिला. फक्त तो पाणी पितोय तोपर्यंतच. एरवी घातलंस तर ती खात बसते आणि हातोडा येऊन पडतो… खाल्ला? पूर्ण खाल्ला?… शहाणी माझी."

"तुझं कौतुक नाही करत."

"फोरमनचं किती उरलंय?… निम्मं? निम्म्यावर आणलास?… हं. बरं खेळतेस. बरं म्हटलं, चांगलं नाही… आता तो लाल होईल. लाल झाला की जनावराचा वार त्याला लागत नाही, जनावर नुसतं मरतं. तुळशीला मागच्या खांबाआड ने आणि स्टेवर टाक. स्टे. जिथे आहे तिथे बसून राहील… बसली?… आता तू एकटी लढ. तिरकी. डावा पाय. बाटल्या आता तू पी, आता तुझी पाळी."

मग थोडा वेळ प्रगती नुसती 'हं' आणि 'मग?' एवढंच म्हणत राहिली. कानाला रिसीव्हर घट्ट दाबलेला, दुसऱ्या हाताची नखं दातात. राग कुठे गेला नव्हता, पण राग बाजूला ठेवून कान लावून बसली होती. मैत्रेयी वाईट खेळत नव्हती. दोघी मिळून खेळत होत्या म्हणा ना, एकीचे हात आणि एकीचं डोकं. पूर्वी कॉलेज सुटल्यावर एकाच कॉम्प्युटरवर खेळायच्या, तेव्हाही असंच असायचं. असं वाटत असतानाच तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"मैत्रेयी."

"नाही, खेळत राहा. थांबू नकोस. एवढंच सांग, तुमच्याकडची लाइट कधी जाते?… सहाला? कुणी सांगितलं सहाला?… रोज सहाला जाते, बरोबर. आज वार कोणता आहे?"

"वार कोणता आहे आज?… शुक्रवार! शुक्रवार आहे आज, येडे!"

या पट्ट्यात शुक्रवार म्हणजे काय, ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. अंबरनाथची एमआयडीसी बंद, वर्कशॉप बंद, उल्हासनगर कॅम्प चारमध्येसुद्धा निम्मी शटर खाली. त्या दिवशी लाइटीचं वेळापत्रकही वेगळं. बदलापूरची चारला येते आणि अंबरनाथ पश्चिमेची त्याच ठोक्याला जाते. जन्मापासून इथे राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण मैत्रेयीला ठाण्याच्या ऑफिसात वर्षभर रविवारची सुट्टी मिळत होती. तिच्या अंगातून शुक्रवार निघून गेला होता.

"ठाण्याचा रविवार लागला आणि आपला शुक्रवार विसरलीस. वा!… सॉरी काय सॉरी! चारला पाच कमी आहेत इथे. लाइट गेली की माझा शिपाई उभ्याचा दगड होणार. तुळशीला तू स्टेवर टाकलंयस, ती हलायची नाही, सांगितलंय ना तिला बसून राहा म्हणून. लढणारा दगड झाला की तो आधी जनावर मारतो. नेहमी आधी जनावर मारतो, मग माणूस… नाही, कोणी येणार नाही मदतीला, दार बंद आहे."

"थांब. ओरडू नकोस, मला विचार करू दे."

विचार करायला तिला फारसा वेळ लागला नाही. खरं तर तिला तो उपाय कधीपासून माहीत होता. पण तो करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

"ऐक. आता मी सांगते ते निमूट कर, उलट प्रश्न नको. माझ्या शिपायाच्या अंगावरचं चिलखत उतरव… उतरव म्हटलं ना. ढाल पण. शिरस्त्राण पण. सगळं काढ… आणि जा त्या फोरमनसमोर उभी राहा. तिरकी नाही, सरळ. नाकासमोर. डावा पाय उचलू दे त्याला."

"हो. मर… तू नाही गं, मी. माझा शिपाई मरू दे. मालक मेला की जनावर आपोआप गोठ्यात जातं, त्याला कोणी हात लावू शकत नाही. कळलं?… जाऊ देत लेव्हल. पडू दे चिलखत तिथेच, नेऊ दे कुणालाही उचलून… हो, दोन वर्षांची मेहनत आहे. कुणाची आहे? माझी आहे ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

"काय, त्याचं थोडंच राहिलंय?… किती थोडं?… नाही. नाही, मैत्रेयी. मला नकोय तो मेलेला. मला कधीच नको होता. मी सांगते ते कर… अगं ऐक ना… ऐक ना गं, पाया पडते तुझ्या. एवढी मी कुणाला विनवणी करत नाही. चिलखत काढ… काढलंस?… काढलंस का?… बोल काहीतरी!"

"मैत्रेयी?"

"काय ओरडतेस?… मेला? कोण मेला?… फोरमन?… तू मारलास?… नीट सांग, लाल होता तेव्हा कुठे होता तो? खांबाजवळ?… कुठल्या खांबाजवळ?… तुळशी? तुळशी दिसतेय का? मागे बघ, मागे वळून बघ… गेली? काय गेली?… लाइट?"

आणि इकडे ट्यूबलाइट फडफडल्या. पंखा कण्हत फिरायला लागला, सगळे कॉम्प्युटर एकदम टूं करून जागे झाले आणि बाहेरची पोरं हुर्रे करत आत घुसली.

"ए, बाहेर! सगळे बाहेर! पाच मिनिटं कुणी आत यायचं नाही!… तुला नाही गं, पोरांना. थांब, चालू करतेय. धर फोन."

रिसीव्हर कानाला, वायर ताणलेली, तिने जवळचा कॉम्प्युटर चालू केला. मुकेशशेठचे कॉम्प्युटर म्हणजे काय सांगावं, लग्नातल्या मावशीसारखे, तयार व्हायला वेळ. पडद्यावर निळी पट्टी सरकत होती आणि फोनमध्ये मैत्रेयी बोलत होती. खुशीत होती. धापा टाकत होती.

"हो, ऐकतेय… हो, चालू होतोय… काय मुकुट? त्याचा सोन्याचा मुकुट मिळाला?… हो, माहितीये मुकुट, इथल्या पोरांत कुणाकडे नाहीये… माझ्यासाठी?"

"माझ्यासाठी कशाला?… मी कधी मागितला होता?…"

"म्हणजे त्यासाठी घेऊन गेलीस तिला? मला मुकुट द्यायला?… जाण्याआधी मला काहीतरी द्यायचं होतं. असं. आणि सरळ यायला तोंड नव्हतं… मग तोंड नव्हतं तर बोलली नसतीस. नुसती येऊन बसली असतीस. इथे खुर्च्या काय कमी आहेत? यायचं होतंस ना, येडे. यायचं होतंस. मला तेवढंच पाहिजे होतं."

"थांब, आला गेम. टाकतेय पासवर्ड."

पडद्यावर तिचा शिपाई उभा होता. अंगावर पूर्ण चिलखत, हातात ढाल, डोक्यावर सोन्याचा मुकुट झळकत होता. पायाशी फोरमन आडवा पडलेला. भट्टीचं दार सताड उघडं. शिपायाच्या मागे, जिथे पांढरं काहीतरी शेपटी हलवत उभं असायचं, तिथे नुसती फरशी होती. प्रगतीने गोठा उघडला. तो बंद केला आणि परत उघडला.

"नाही… नाहीये… गोठ्यात पण नाही… बघितलं. खांबाआड पण बघितलं… लाल झाल्यावर तो त्याच खांबाकडे गेला असणार, तू त्याच्यावर वार करत राहिलीस आणि मागे बघितलंच नाहीस."

"मेली ती, मैत्रेयी."

"रडू नकोस. हळद आहे उद्या, डोळे सुजतील… मला माहितीये, मुद्दाम नाही केलंस. म्हणून काय परत येणार आहे का?… मुकुट? तूच घे तुझा मुकुट. डोक्यावर घालून फीर नागपुरात, सासरी दाखव. मी चिलखत काढ म्हणाले होते. पाया पडून सांगत होते. तुला वाटलं, ही काय, हिला नंतर आवडेलच…"

"नाही, रविवारी नाही येणार. काकांना सांग, शेठने सुट्टी दिली नाही… खोटं आहे, पण सांग. त्यांना वाईट वाटायला नको."

"काय?… दुसरी?… दुसरं पिल्लू शोधू, आणि परत पाळू?"

दाराच्या काचेला नाकं लावून पोरं आत बघत होती. प्रगतीने त्यांच्याकडे पाठ केली.

"कोण पाळू गं? आपण दोघी?… कधी?… तू परवा चाललीस. तिकडे तुझं घर असेल, माणसं असतील, चार माणसांचा चहा असेल सकाळी. कोण येणार मासे घालायला?… ती होती ना, म्हणून मला वाटायचं, तू कधीतरी फोन करशील. तिचं विचारायला तरी करशील. अर्ध्या हिश्शाचं जनावर आहे, मालकीण आज ना उद्या येणारच, असं वाटायचं मला. म्हणून सांभाळली ती. कळलं आता?… आता काय उरलं विचारायला?"

"पोरं दार वाजवतायत इकडे."

"ठेव फोन… ठेव गं… नाही ठेवत? बरं. मी ठेवते."

आणि तिने फोन ठेवला.